सुट्टीतलं शिबिर: काय शिकवणार याआधी विचारा, सांभाळणार कोण?

मुलुंडला राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, आता चौथीत जाईल. शाळा राज्य मंडळाची, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. नवरा-बायको दोघंही नोकरीला. या आई सकाळी सव्वाआठला घर सोडतात आणि संध्याकाळी सव्वासातला परततात. घरी सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात. नातू दुपारभर मोबाइल घेऊन बसला तरी त्यांना तो काढून घेता येत नाही. सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका शिबिराचं पत्रक फिरतंय. त्यात रोबोटिक्स, वैदिक गणित, व्यक्तिमत्त्व विकास आणि झुंबा आहे. पंधरा दिवस, सकाळी साडेनऊ ते साडेबारा, फी १३,५०० रुपये, रविवारपर्यंत नाव दिलं तर सवलत. मुलगा म्हणतो, 'मी जाणार नाही.' गेल्या वर्षी दुसऱ्या एका शिबिराला जाताना तो रोज रडायचा. नवरा म्हणतो, 'आम्ही कुठे गेलो होतो शिबिरांना? गावाला पाठवू.' राजापूरजवळ त्यांचं घर आहे, तिथे दीर-जाऊ आणि दहा वर्षांचा चुलतभाऊ आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: 'सगळी मुलं काहीतरी शिकतील आणि माझा मागे पडेल, ही भीती आहे. आणि खरं सांगायचं तर, तो कुठेतरी गुंतलेला असला की मला ऑफिसात शांतपणे काम करता येईल, हेही आहेच. हा स्वार्थीपणा आहे का? चांगलं शिबिर ओळखायचं कसं? आणि नवऱ्याला काय सांगू?'

ताई,

तुम्ही 'खरं सांगायचं तर' म्हणून जे लिहिलंत, मी तिथूनच सुरुवात करते. मुलगा चांगल्या माणसांच्या नजरेखाली असावा आणि आपल्याला डोकं शांत ठेवून काम करता यावं, यात स्वार्थ कुठे आला? आठ वर्षांच्या मुलाकडे दिवसभर कुणीतरी बघावं लागतं. तुम्ही दोघं कमावता म्हणून घर चालतं, तेव्हा त्या वेळेपुरतं माणूस शोधणं हेही आईबापाचंच काम आहे. पण हे उघडपणे म्हणायची आपल्याला लाज वाटते. 'मुलाला सांभाळायला कुणी हवंय' असं न म्हणता आपण 'त्याचा विकास व्हावा' असं म्हणतो, आणि मग शिबिराच्या नंबरवर फोन करून विचारतो की रोबोटिक्समध्ये काय काय घेणार, शेवटी प्रमाणपत्र मिळणार का. त्याला शौचालयात कोण नेणार, साडेबाराला कुणाच्या हाती देणार, तो पडला तर मला फोन कोण करणार, हे विचारायचं राहून जातं.

शिबिराकडे आधी सांभाळ म्हणून बघा आणि मग शिक्षण म्हणून. या क्रमाने बघितलं की बरेच निर्णय आपोआप सोपे होतात.

आधी तासांचा हिशोब मांडू. सुट्टीचे सहा आठवडे धरले तर कामाचे तीस दिवस. तुम्ही रोज अकरा तास घराबाहेर, म्हणजे एकूण ३३० तास. शिबिर पंधरा दिवस, रोज तीन तास, म्हणजे ४५ तास. फी तासाला ३०० रुपये पडते. हे महाग की रास्त, ते ज्याच्या त्याच्या खिशावर. पण तुमच्या अडचणीचा सातवा भागसुद्धा यातून सुटत नाही. उरलेले २८५ तास कुणी बघायचे, हा प्रश्न पैसे भरल्यावरही तसाच राहतो. शिवाय या पंचेचाळीस तासांसाठी रोज साडेबाराला, ऐन उन्हात, रिक्षा करून त्याला आणायला कुणीतरी जायला हवं. कोण जाणार, हे पत्रात लिहिलेलं नाही. सासूबाईच जातील असं सगळ्यांनी धरून चाललेलं दिसतंय. त्यांना कुणी विचारलं आहे का?

शिबिर वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी ते पाहिलेलं नाही. पण पत्रकावरून तो सकाळचा छंदवर्ग आहे. मुलाला आवडणार असेल तर छंदवर्ग म्हणून जरूर निवडा. तुमच्या नोकरीच्या वेळेवरचा उपाय म्हणून निवडलात, तर दुसऱ्याच दिवशी लक्षात येईल की दुपार मोकळीच आहे.

आता 'मागे पडेल' या भीतीबद्दल. चार विषय, तीन तास, त्यात खाऊची सुट्टी. एकेका विषयाला चाळीस मिनिटं येतात. रोबोटिक्सचं तर नीट विचाराच: एका किटवर किती मुलं? चार मुलांत एक किट असेल तर एक मूल जोडतं आणि बाकीची तीन बघत बसतात, आणि जो आधीच धीट आहे तोच बहुतेक वेळा जोडणारा असतो. पंधरा दिवसांत मुलांची एखाद्या गोष्टीशी तोंडओळख होते, त्यात मजाही येते. पण तेवढ्याने कुणी पुढे निघून जात नाही, आणि जो गेला नाही तो मागेही पडत नाही. चौथीत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत मला सुट्टीत एकाच गोष्टीची काळजी वाटेल: सहा आठवडे त्याने एकही पुस्तक हातात घेतलं नाही तर. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन, आजीला वाचून दाखवणं, एवढ्याने ती काळजी मिटते. आजीचे गुडघे दुखत असतील, पण ऐकायला तर त्यांनाही आवडेल.

एकच गोष्ट सलग काही आठवडे करणं मुलांना जास्त देऊन जातं, असं माझं ठाम मत आहे. पोहणं, मल्लखांब, नाटक, मातीकाम, काहीही असो. मुंबईत यासाठी लांब जावं लागत नाही. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात कित्येक पिढ्या मल्लखांब शिकल्या. मुलांच्या नाटकाची परंपरा तर आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली बालरंगभूमीचं काम सुरू केलं, आणि आजही दादर, पार्ले, ठाण्याकडे सुट्टीत बालनाट्य शिबिरं भरतात. नाटकात मुलाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, दुसऱ्याचं ऐकावं लागतं, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलावं लागतं. व्यक्तिमत्त्व विकास म्हणून वेगळे पैसे घेऊन जे विकलं जातं, ते इथे न सांगता होतं. तुमच्या मुलुंडलाच कालिदास नाट्यगृहाच्या संकुलात महापालिकेचा जलतरण तलाव आहे. पालिकेच्या तलावांवर उन्हाळ्यात पोहायला शिकवण्याच्या तुकड्या निघतात. त्या लवकर भरतात, म्हणून वय-उंचीची अट, वेळ आणि जागा या आठवड्यातच जाऊन विचारा. पोहणं आलं की ते जन्मभर उपयोगी पडतं, आणि तुमचा मुलगा कोकणात जाणारा आहे, म्हणून तर मी ते यादीत सगळ्यात वर ठेवेन.

आता चांगलं शिबिर ओळखायचं कसं. हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण अशा शंका घेऊन बरेच पालक लिहितात.

शाळेला शिक्षण हक्क कायद्याखाली मान्यता घ्यावी लागते. शिबिर म्हणजे शाळा नव्हे. हॉल भाड्याने घेतला, पत्रक बनवलं, ग्रुपवर टाकलं की शिबिर सुरू होतं. चालवणारे मनापासून करणारे असतात तसे घाईघाईत पैसे मिळवायला उतरलेलेही असतात. त्यामुळे तपासायचं काम पालकांवर येतं आणि ते फोनवर होत नाही. जागेवर जायलाच हवं, तेही मुलं आत असताना. रिकामा हॉल बघून काही कळत नाही. मुलांची तुकडी चालू असताना अर्धा तास दाराशी उभं राहिलं की शिकवणारी माणसं मुलांशी कशी बोलतात, रडणाऱ्याकडे कोण जातं, पाणी प्यायला कधी सोडतात, हे सगळं दिसतं. 'मध्ये आलात तर मुलांचं लक्ष विचलित होतं' असं सांगून कुणी एकदाही आत बघू देत नसेल, तर तिथे नाव घालू नका.

मोजून बघा, किती मुलांमागे एक मोठं माणूस आहे. या वयासाठी दहा मुलांमागे एक, ही माझी मर्यादा. पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर त्याहून कमी. मोठं माणूस म्हणजे खरोखर मोठं. दहावी झालेली ताई-दादा मंडळी मदतीला असली तर मुलांना आवडतात, पण जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही. पत्रकावर ज्या सरांचा फोटो आहे ते रोज येणार की उद्घाटनाला आणि समारोपाला, हेही विचारा.

शौचालयाचा प्रश्न विचारायला आपण संकोचतो. संकोचू नका. शौचालय हॉलच्या आतच आहे का, की मजल्यावरच्या इतर ऑफिसांचंही तेच आहे? मुलाबरोबर कोण जातं? कडी आतून नीट लागते आणि उघडते का? पुष्कळ मुलं अस्वच्छ किंवा अंधाऱ्या शौचालयामुळे तीन-चार तास पाणीच पीत नाहीत आणि घरी येऊन डोकं दुखतंय म्हणतात. मे महिन्यात हे धोक्याचं आहे.

मुलाला सोडताना आणि घेताना काय पद्धत आहे? चांगल्या ठिकाणी नेणाऱ्यांची नावं आणि फोटो आधी घेऊन ठेवतात, आणि यादीत नसलेलं माणूस आलं तर आईवडिलांना फोन केल्याशिवाय मूल देत नाहीत. 'आम्ही सगळ्यांना ओळखतो' हे उत्तर पुरेसं नाही. व्हॅन असेल तर पिवळ्या पाटीची आहे ना, मुलं कोंबलेली नाहीत ना, चालकाशिवाय दुसरं माणूस आत आहे ना, ते पाहा. शाळेच्या बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून वेगळे नियम आहेत. शिबिराची गाडी शाळेची नसली तरी मुलं तीच असतात, तेव्हा आपण आग्रह तसाच धरायचा.

हॉल कोणत्या मजल्यावर आहे, बाहेर पडायचे जिने किती, जिन्यात सामान रचलंय का, गच्चीवर पत्रे किंवा ताडपत्री टाकून वर्ग भरवलाय का, हे नजरेखालून घाला. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटमध्ये मुलांच्या खेळांच्या एका केंद्राला आग लागली, तीही सुट्टीतच, आणि त्यात लहान मुलंही गेली. तेव्हा दोन मिनिटं जिना बघण्यात कसली लाज? पत्र्याखालचा वर्ग असेल तर आगीशिवाय उकाड्याचाही प्रश्न आहे.

मुंबईचा उकाडा फसवा असतो. पारा ३४ अंशांवर असला तरी हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. दुपारी बारा ते तीन उन्हात जाणं टाळा, असं सरकारी यंत्रणा दर उन्हाळ्यात सांगतात. म्हणजे मैदानातले खेळ सकाळी लवकर, आणि नंतर पंख्याखाली, असं वेळापत्रक हवं. तासातासाला पाणी पाजतात का, तेही विचारा. मुलाला मळमळतंय, डोकं दुखतंय, पाय वळताहेत असं झालं तर सावलीत नेऊन कपडे सैल करणं, थंड पाण्याने पुसणं आणि ओआरएस देणं हे तिथल्या माणसांना यायला हवं. मूल गुंगीत गेलं किंवा असंबद्ध बोलायला लागलं तर तोंडाने काही न पाजता थेट रुग्णालय किंवा १०८ ची रुग्णवाहिका. हे त्यांना माहीत आहे का, हे सरळ विचारता येतं. ज्यांना माहीत आहे ते रागावत नाहीत.

एक प्रश्न सगळ्यांना अवघड जातो, पण तो विचारल्याशिवाय पैसे भरू नका: 'एखाद्या मुलाने कुणाबद्दल तक्रार केली तर तुम्ही काय करता?' बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. असा प्रकार घडल्याचं कळलेल्या कुणालाही तो पोलिसांना कळवावाच लागतो, शिबिर चालवणाऱ्यांनाही. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवणं हा गुन्हा आहे. आयोजकांना हे माहीत असेल, शिकवणाऱ्यांची ओळखपत्रं आणि आधीच्या कामाची माहिती त्यांनी घेतलेली असेल, एकटं मूल आणि एकटं मोठं माणूस बंद खोलीत राहू नये अशी पद्धत ठेवलेली असेल, तर बोलण्यातून लगेच कळतं. मुलालाही शिबिराआधी घरी सांगा की अंगाला कुणी नको तसा हात लावला, किंवा 'हे घरी सांगू नकोस' असं कुणी म्हटलं, तर तेच सगळ्यात आधी घरी सांगायचं, आणि कुणीही रागावणार नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक त्याला पाठ असू द्या.

फोटोंबद्दल थोडक्यात: शिबिराच्या जाहिरातीसाठी मुलाचा फोटो वापरायला तुम्ही लेखी नाही म्हणू शकता. फीबद्दलही थोडक्यात: रविवारच्या सवलतीसाठी धावू नका. मूल दोन दिवसांनी नाही म्हणालं, आजारी पडलं किंवा शिबिरच रद्द झालं तर किती पैसे परत, हे पावतीवर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या. तोंडी शब्दावर वाद झाला तर हाती काही राहत नाही. लेखी असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनकडे जाता येतं.

आता मुलाच्या 'मी जाणार नाही' कडे वळते. पत्रात त्यावर एकच ओळ आहे. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. गेल्या वर्षी तो रोज रडायचा, पण का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. कदाचित कळलंच नसेल. 'का रडायचास?' असं समोर बसवून विचारलं की मुलं 'काही नाही' म्हणतात. रात्री दिवा घालवल्यावर, किंवा भाजी निवडताना, सहज विचारा: 'तिथे सगळ्यात कंटाळवाणं काय होतं? डबा कुणाबरोबर खायचास? सगळ्यात आरडाओरडा कोण करायचं?' उत्तर एका दिवसात येणार नाही. तीन-चार दिवस जाऊ द्या.

रडण्यारडण्यात फरक असतो. दाराशी रडून आत गेल्यावर दहा मिनिटांत खेळायला लागणारी मुलं पुष्कळ असतात. ती तीन-चार दिवसांत रुळतात आणि त्यांना मागे ओढायची गरज नसते. पण मूल घरी येऊन गप्प होत असेल, जेवण सोडत असेल, झोपेत दचकत असेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल, किंवा एका ठरावीक माणसाचं नाव निघालं की विषय बदलत असेल, तर ते लाड नाहीत. तिथे पाठवणं थांबवायचं आणि त्याचं म्हणणं शांतपणे ऐकायचं. गेल्या वर्षी यातलं काही होतं का, आठवून बघा. नसेल आणि कारण साधंच निघालं, म्हणजे मोठी मुलं चिडवायची किंवा ओळखीचं कुणी नव्हतं, तर यंदा सोसायटीतला एखादा मित्र बरोबर असला की बरंच सोपं होईल. आणि निवड त्याला करू द्या. तुम्हाला चालतील अशा दोन-तीन गोष्टी समोर ठेवा: पोहणं, नाटक, हेच शिबिर. एक दिवस बसून बघायला मिळेल का विचारा. बघून आल्यावर तो काय म्हणतो, त्याला मान द्या.

गावाचं. तुमचे पती चुकीचं काही बोलत नाहीत. चुलतभाऊ आहे, अंगण आहे, करवंदं-आंबे आहेत, दिवसभर पायांना काम आहे. पण 'आम्ही कुठे गेलो होतो शिबिरांना' यात एक गोष्ट गळते. त्यांच्या लहानपणी सुट्टीत घरी त्यांची आई होती, काकू होती, आजी होती. दहा-बारा पोरांचं दोन वेळचं जेवण, आंघोळी, भांडणं, ताप, सगळं कुणीतरी बाई दिवसभर निस्तरत होती. तो सांभाळ फुकट होता म्हणून दिसत नव्हता, एवढंच. आज गावाला पाठवलं तर ते काम तुमच्या जाऊबाईंवर येणार. म्हणून त्यांना विचारायचं, आणि भावाभावांत परस्पर न ठरवता तुम्ही स्वतः त्यांच्याशी बोलायचं. किती दिवस जमेल, त्यांच्या घरात काही कार्य आहे का, त्यांना नकोसं तर नाही ना. खर्चाचे पैसे मोकळेपणाने द्यायचे. आणि त्यांच्या मुलाला दिवाळीत मुंबईला बोलवायचं, राणीची बाग, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं मुलांचं संग्रहालय दाखवायचं. घेणं-देणं दोन्हीकडून असलं की नाती टिकतात. राणीची बाग बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवून बेत आखा.

गाव म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही मानू नका. विहिरीला कठडा आहे का, नदीवर मुलं एकटी जातात का, हे दिरांना विचारा. मोठं माणूस बरोबर नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, हा नियम दोन्ही मुलांना एकत्र बसवून सांगा. अंधार पडल्यावर पायात चप्पल आणि हातात बॅटरी. साप चावल्यावर द्यायचं विषविरोधी इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळतं ते आधीच माहीत असू द्या. तसं काही झालं तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट तिथेच न्यायचं.

सासूबाईंना गावी जायला आवडेल का, हेही बघा. त्यांचंच घर आहे. पण त्यांना नातवाची राखण करायला म्हणून पाठवू नका. त्यांना विश्रांतीच हवी असेल, तर तीही त्यांचा हक्क आहे.

माझ्या मते तुमचे सहा आठवडे असे जमतील. पहिले दोन-अडीच आठवडे, जाऊबाईंना जमत असेल तर, गाव. पाऊस जवळ येण्याआधी परत. मग मुंबईत सकाळी त्याने निवडलेली एकच गोष्ट, घराच्या जितकी जवळ तितकी बरी. दुपारसाठी मात्र वेगळं माणूस शोधा. बारावीची परीक्षा दिलेल्या मुली-मुलं या काळात मोकळी असतात. सोसायटीतली ओळखीच्या घरातली एखादी ताई रोज एक ते सहा तुमच्याच घरी, सासूबाईंच्या उपस्थितीत, त्याच्याबरोबर असू शकते. अभ्यास घ्यायचा नाही. पत्ते, कॅरम, वाचन, ऊन उतरल्यावर खाली खेळायला नेणं, एवढंच. तिला नीट पैसे द्या, शिबिराच्या फीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील. नाहीतर जवळच्या पाळणाघरात चौकशी करा. काही ठिकाणी सुट्टीपुरती दहा वर्षांपर्यंतची मुलं घेतात. ग्रुपवरच्या आयांपैकी चौघींची अडचण तुमच्यासारखीच असणार. आठवड्याचा एकेक वार एकेका घरी, असं वाटून घेता येतं का, विचारा. तुम्ही पहिल्यांदा 'मला दुपारची सोय हवीय' असं ग्रुपवर लिहिलंत की बाकीच्याही बोलतील.

मोबाइलचा नियम सासूबाईंवर सोपवू नका. तो तुम्ही दोघांनी ठरवायचा आणि मुलासमोर बोलायचा. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. त्यात टीव्हीही आला. वेळ ठरवा, बाकीचा वेळ फोन कपाटात. मधेच त्याला कंटाळा येईल, तो कुरकुर करेल. करू द्या. अर्ध्या तासाने तो काहीतरी शोधून काढतो.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. मुलाला दमा, फिट येणं, एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल, तर फॉर्मवर लिहून भागत नाही. औषध कुठे ठेवणार, कोण देणार आणि त्या माणसाला ते देता येतं का, हे पहिल्या दिवशी समोर उभं राहून बघा. विशेष गरजा असलेल्या मुलाबद्दल 'घेऊ ना, काही प्रश्न नाही' असं पटकन म्हणणाऱ्यांपेक्षा चार प्रश्न विचारणारी माणसं मला जास्त भरवशाची वाटतात. आणि फी परवडत नाही म्हणून ज्या आईवडिलांना अपराधी वाटतं, त्यांना सांगते: वॉर्डातली बाग, जवळचं ग्रंथालय, पालिकेचा तलाव आणि घरातल्या स्वयंपाकात खरीखुरी मदत, एवढ्यातही आठ वर्षांच्या मुलाची सुट्टी छान भरते.

राहता राहिला नवऱ्याला काय सांगायचं हा प्रश्न. पत्रभर शिबिर शोधणाऱ्या तुम्ही, ग्रुपवर तुम्ही, काळजी आणि अपराधी वाटणंही तुमचंच. त्यांच्या वाट्याला फक्त मत आलं आहे. ते वाटून घ्या. त्यांच्यासमोर तासांचा हिशोब मांडा, ३३० चा, आणि विचारा की यातले किती तास तुम्ही बघणार. गावाला न्यायचं-आणायचं त्यांनी. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे मेच्या गाड्या भरत आल्या असतील. आज रात्रीच बसून जादा गाड्या, एसटी, काय मिळतं ते त्यांनीच बघायचं. तलावावर चौकशीला त्यांनी जायचं. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू होण्याआधी, पाच दिवस रजा त्यांनी टाकायची. तुमची रजा मुलाच्या तापासाठी राखून ठेवा. शाळा सुरू झाली की पहिल्या पावसात ती लागतेच.